उपचारकाने जबाबदारी घ्यावी ती कशाची?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांतील हजारोंना गिरणीचा भोंगा पुन्हा ऐकावयास मिळाला नाही. लालबाग-परळच्या चाळींतून त्यानंतर झोप उडालेली, दारूत बुडालेली वा नुसतीच गप्प झालेली माणसे कमी नव्हती. अशा माणसाला घरच्यांनी जवळच्या के. ई. एम. रुग्णालयात नेले, तर तेथील मानसोपचारतज्ज्ञाने त्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी कोठवर घ्यावयाची? गोळीने झोप येईल; गेलेला पगार येणार नाही.

प्रश्न आजही शिळा झालेला नाही. या व्यवसायातील सहृदय मंडळी रुग्णाचे बरेवाईट मनावर घेऊनच घरी जातात, आणि एखाद्याने जीव दिला तर वर्षानुवर्षे स्वतःलाच दोष देत राहतात. ही टोचणी ज्याला नाही, त्याच्या हाती कोणाचे मन सोपवू नये हे खरे. परंतु जाब विचारावयाचा तो त्याच्या कामाचा: शिक्षण पुरते घेतले काय, गुपित राखले काय, आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळीच दुसऱ्याकडे पाठविला काय, की अर्ध्यावर सोडला? बेकारीचे माप त्याच्या पदरात घातले, की ज्यांनी गिरण्यांना टाळे लावले ते नामानिराळे राहतात.

या क्षेत्रात 'क्लायंट' हा शब्द रूढ झाला आहे. मराठीत 'अशील' म्हणावे तर वकील आठवतो, 'ग्राहक' म्हणावे तर दुकान. कायद्याने दुकानच पसंत केले. १९९५ साली व्ही. पी. शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली; मात्र सर्वांनाच विनामूल्य मिळणारी सेवा वगळली, आणि नाममात्र नोंदणी-शुल्काने त्यात फरक पडत नाही असेही ठरविले. म्हणजे दादरच्या खासगी दवाखान्यात फी मोजणारा मनुष्य ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मोफत रुग्णालयाच्या रांगेतील गिरणी कामगाराच्या विधवेला तो दरवाजा बंद. उत्तरदायित्वही येथे पैसे टाकूनच मिळते!

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत, निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहत असल्याचे आढळले होते. ही दरी डॉक्टरांच्या सद्सद्विवेकबुद्धीने बुजणारी नव्हे. तिला अंदाजपत्रकात तरतूद लागते.

गिरण्यांच्या जमिनीवर आता काचेचे मनोरे उभे आहेत. तेथील काही कंपन्या नोकरांसाठी समुपदेशक नेमतात. वेतन मालकाचे, व्यथा नोकराची. गोपनीयता हा २०१७ च्या कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे, तेव्हा नाव फोडता येत नाही, आणि फोडूही नये. पण एकाच खात्यातला पाचवा मनुष्य रात्रपाळीचीच तक्रार घेऊन आला, तर समुपदेशकाने त्याला श्वसनाचे व्यायाम शिकवून परत पाठवावे काय? नावे न घेता पाळ्यांविषयी व्यवस्थापनाला लेखी कळविणे हेही त्याचे कर्तव्यच होय. तशी मुभा त्याच्या करारात लिहून घेण्यास संघटनेचे बळ लागते, आणि त्या मनोऱ्यांतील बहुतेक कचेऱ्यांत युनियनच नाही.