झाडं मालकाची, भेकर सरकारचं. मग नुकसान कोणाचं?

ओवे (ता. पनवेल) : ओवे गाव महापालिकेत गेलं, आजूबाजूला टॉवर उभे राहिले. पण तालुक्यात कर्नाळा आणि माथेरानच्या पायथ्याकडे अजून मालकीची छोटी रानं आहेत. साग, ऐन, खैर, बांबू. हे रान राखायचं की प्लॉटिंगवाल्याला द्यायचं, हा खरा प्रश्न आहे.

जंगलाला लागून रान असेल तर भेकर येतंच. ते रोपाचा कोवळा शेंडा खातं. शेंडा गेला की फुटवे येतात, खोड वाकडं होतं. आणि सागाला भाव सरळ खोडालाच. सांबर असेल तिथे ते शिंगं घासून साल काढतं. साल चारी बाजूंनी निघाली की झाड वाळलंच समजा.

आता कायदा बघा. साग, खैर, ऐन तोडायला १९६४च्या कायद्यानुसार मालकालाही परवानगी लागते. भेकर, सांबराला १९७२च्या कायद्याचं संरक्षण. फासा लावला किंवा कुंपणात करंट सोडला तर गुन्हा; त्यात माणसंही मरतात. सरकारी भरपाई आहे, पण ती पिकं आणि फळझाडं समोर ठेवून केलेली. सागाचं रोप त्यात बसवणं कठीण. वर १९७५च्या खाजगी वन संपादनाची धास्ती : झाडं वाढली की जमीन जाईल. म्हणून सातबाऱ्यावर वनाची नोंद आहे का, हे आधी तपासा.

मग करायचं काय? पहिली तीन-चार वर्षं रोप जपा. भेकर अंगाने लहान, त्यामुळे प्रत्येक रोपाला छातीइतका बांबूचा पिंजरा आणि भोवती काट्यांचा कूड घातला तर बराच फरक पडतो. सांबराला मात्र उंच जाळीच हवी. बांधाला बांबू लावा. २०१७च्या दुरुस्तीनंतर मालकीच्या जमिनीतला बांबू वन कायद्यात झाड धरला जात नाही. फक्त पावसात कोंब सांभाळा. आंबा, भात यांचं नुकसान झालं तर फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्या. उशीर झाला की पंचनामा अडकतो.

सरकारला एकच सांगणं. भरपाईच्या यादीत वनझाडं घ्या आणि जाळीला अनुदान द्या. रान राखणाऱ्याला दरवर्षी तोटाच होणार असेल तर तो जमीन विकेल. मग झाडंही जातील, आणि भेकरंही.