ई-सायकल अडते ती घराच्या दारात

२०२३ मध्ये जर्मनीत पहिल्यांदाच ई-सायकलींची विक्री साध्या सायकलींच्या पुढे गेली. वर्षभरात २१ लाख ई-सायकली खपल्या. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये हा आकडा दीड लाखाच्या आसपास घुटमळत होता. जर्मनीची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या घरात, ब्रिटनची सात कोटींच्या जवळ. लोकसंख्येतला फरक एवढासा आणि ई-सायकलींच्या खपातला मात्र चौदापट. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हीकडे पाऊस, दोन्हीकडे पेट्रोल महाग. तरीही जर्मनीत ही सायकल घराघरांत गेली आणि ब्रिटनमध्ये अजून हौशी लोकांपुरतीच राहिली.

ही सायकल म्हणजे आपल्याकडे ‘ई-बाइक’ म्हणून धावणारी स्कूटर नव्हे. युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या नियमानुसार हिची मोटर २५० वॅटची असते. पॅडल मारले तरच ती साथ देते आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे तीही थांबते. बॅटरी काढून घरात नेता येते, साध्या प्लगवर चार्ज होते आणि एका चार्जिंगला साधारण अर्धा युनिट वीज लागते. साठीतल्या माणसाला दम न लागता चढ चढवणारे आणि दोन मुलांना शाळेत सोडणारे इतके स्वस्तात चालणारे दुसरे वाहन आज तरी नाही.

ब्रिटनमध्ये ती का रुळत नाही, याची ठरलेली उत्तरे असतात: हवा वाईट, चढ फार, किंमत जास्त. तिन्ही टिकत नाहीत. नेदरलँड्समध्ये पाऊस काही कमी पडत नाही, आणि तळहातासारख्या सपाट त्या देशात २०२३ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या सायकलींत निम्म्याहून अधिक ई-सायकली होत्या. तिथे चढ नाही, पण समोरून येणारा वारा आहे, आणि मोटर लागते ती त्यासाठी. किमतीचे म्हणाल, तर २०२३ मध्ये जर्मन ग्राहकाने एका ई-सायकलीला सरासरी २,९५० युरो मोजले, म्हणजे अडीच लाख रुपयांहून अधिक. महाग असूनही लोकांनी ती घेतलीच.

घोडे पेंड खाते ते ब्रिटिश घराच्या दारात. शहरांतली असंख्य घरे म्हणजे व्हिक्टोरियन काळातल्या चाळवजा रांगा. दार उघडले की अरुंद बोळ, बोळाच्या तोंडाशीच जिना, आणि कित्येक घरांचे आता मजल्यागणिक फ्लॅट झालेले. ई-सायकलीचे वजन २० ते २५ किलो. ती रोज दुसऱ्या मजल्यावर चढवायची कोणी? खाली रस्त्यावर ठेवावी तर सकाळी असेलच याची खात्री नाही. यावर लंडनने काढलेला उपाय डोळ्यांसमोर आणण्यासारखा आहे. रस्त्याच्या कडेला अर्ध्या मोटारीच्या जागेत एक अर्धगोल, कुलूपबंद पत्र्याची पेटी बसवतात. तिचे झाकण वर उचलायचे आणि आत सायकल लावायची. एका पेटीत सहा सायकली मावतात. पण या पेट्या इतक्या अपुऱ्या आहेत, की प्रतीक्षायादीत हजारो लोक आहेत. त्याच रस्त्यावर मोटारीला मात्र दारासमोर जागा मिळते.

लंडनकरांना ई-सायकल नकोच आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने शहरातल्या भाड्याच्या ई-सायकलींकडे पाहावे. लाइम आणि फॉरेस्ट या कंपन्यांच्या सायकली ऑफिसच्या वेळेत चौकाचौकांत थव्याने दिसतात. हवा तीच, चढ तेच, माणसेही तीच. फरक इतकाच, की ती सायकल घरात ठेवावी लागत नाही, चार्ज करावी लागत नाही आणि चोरीला गेली तर आपले काही जात नाही. या सायकली पदपथावर आडव्यातिडव्या सोडून दिल्या जातात आणि अंध पादचाऱ्यांचे हाल होतात. ही तक्रार रास्तच आहे. ब्रेंट या लंडनच्या उपनगराने २०२४ मध्ये लाइमला हद्दपार करण्याचा इशारा दिला तो त्यामुळेच. पण त्या तक्रारीच्या मुळाशीही जागेचाच प्रश्न आहे.

दारातून बाहेर पडले की रस्ता. सरकारी पाहणीत दर तीन ब्रिटिश प्रौढांपैकी साधारण दोघे सांगतात की रस्त्यावर सायकल चालवणे आपल्यासाठी फार धोक्याचे आहे. डच लोकांनाही सुरक्षित रस्त्यांचे सुख आयते मिळालेले नाही. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यात चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, आणि त्यानंतरच्या दशकांत मोटारींपासून वेगळे सायकलमार्ग देशभर बांधले गेले. ई-सायकल बाजारात आली तेव्हा तिला धावायला रस्ता तयार होता. ब्रिटनमध्ये मात्र तिने डबलडेकर बस आणि ट्रकच्या मधून वाट काढायची, अशी अपेक्षा आहे. जिला या मोटरचा सर्वाधिक उपयोग, ती साठीची बाई हे धाडस करणार नाही. तिने ते का करावे?

कायद्याने काय घडू शकते याचे उदाहरण उत्तर आयर्लंडने घालून दिले. ब्रिटनच्या बाकी भागांत १९८३ पासून ई-सायकल ही सायकलच धरली जाते. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र ती मोपेड ठरत होती: नोंदणी हवी, परवाना हवा, विमा हवा. नियम बदलायचा तर विधानसभा हवी, आणि ती जानेवारी २०१७ पासून तीन वर्षे बंद पडलेली. ती पुन्हा भरल्यावर मे २०२० मध्ये नियम बदलला. तोवर बेलफास्टमध्ये ई-सायकल घेणारा माणूस कायद्याच्या लेखी विनापरवाना मोपेडस्वार होता.

करांची गोष्ट याहून गंभीर आहे. जर्मनीने २०१२ मध्ये कंपनीच्या मोटारीला मिळणारी करसवलत सायकलीलाही लागू केली आणि २०१९ व २०२० मध्ये ती आणखी वाढवली. नोकरदार महिन्याच्या पगारातून हप्ता देतो आणि महागडी ई-सायकल वापरतो. ब्रिटनमध्येही १९९९ पासून अशी योजना आहे, पण २०१९ पर्यंत बहुतेक कंपन्या १,००० पौंडांच्या मर्यादेत अडकल्या होत्या आणि त्या रकमेत बरी ई-सायकल येत नव्हती. शिवाय पगारातून कपात केल्यावर हाती किमान वेतनापेक्षा कमी पडता कामा नये, असा नियम. त्यामुळे किमान वेतनावरचा कामगार बाहेर, स्वतःचा धंदा करणारा बाहेर, निवृत्त माणूसही बाहेर. ज्यांना मोटार परवडत नाही त्यांनाच ही योजना शिवत नाही, हा अन्याय आहे आणि तो पंचवीस वर्षे चालू आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने २०२२ मध्ये याच्या उलट केले. सर्वांना ४०० डॉलरचे व्हाउचर, कमी उत्पन्न असणाऱ्याला १,२०० डॉलरचे, आणि तेही दुकानातच बिलातून वजा. व्हाउचर हातोहात संपली.

पुण्याला हे सारे ओळखीचे वाटावे. एकेकाळचे हे सायकलींचे शहर. ई-सायकली बनवणारी कंपनीही इथे आहे. केंद्राच्या नियमांत २५० वॅट आणि २५ किलोमीटरच्या आतल्या ई-सायकलीला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही. म्हणजे बेलफास्टची अडचण इथे नाही. पण विजेच्या वाहनांसाठी केंद्राने आणलेल्या २०१९ च्या ‘फेम-२’ योजनेत अनुदानासाठी दुचाकीचा वेग किमान ताशी ४० किलोमीटर हवा होता, त्यामुळे ई-सायकल आपोआप वगळली गेली. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार ग्राहकांना ५,५०० रुपयांपर्यंत मदत जाहीर केली, तसे महाराष्ट्रालाही करता येईल. मात्र पुणे महापालिकेने त्याची वाट पाहू नये. सायकलमार्गांवर उभ्या राहणाऱ्या मोटारी आणि दुचाक्या हटवायला कोणत्याही अनुदानाची गरज नाही, आणि नव्या इमारतींचे नकाशे मंजूर करताना तळमजल्यावर कुलूपबंद सायकलखोली व प्लग प्रत्यक्षात मिळतो आहे का, हे तपासायलाही नाही.