फतव्याखाली सही कोणाची?

व्याज निषिद्ध मानणाऱ्या इस्लामी बँकिंगचा सारा डोलारा एका सहीवर उभा असतो. ठेव, कर्ज किंवा 'सुकूक' हा रोखा बाजारात येण्यापूर्वी विद्वानांचे शरीअत मंडळ करार तपासते आणि तो शास्त्रसंमत असल्याचा निर्वाळा देते. हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे कितपत सोपवावे, यावर आखातात आणि मलेशियात सध्या खल सुरू आहे. दुबईने तर २०१९ मध्येच 'व्हर्च्युअल इफ्ता' ही धार्मिक शंकांना उत्तरे देणारी संगणकीय सेवा सुरू केली होती.

कामाचा काही भाग निव्वळ आकडेमोडीचा आहे. बहारीनस्थित 'आयोफी' या संस्थेच्या मानकानुसार कंपनीचे व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांपेक्षा आणि निषिद्ध उत्पन्न ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. मुंबई शेअर बाजारात २०१० मध्ये आलेला शरीअत निर्देशांकही अशाच चाळणीतून तयार झाला. चाळणीचे काम यंत्राने करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

पेच आहे तो 'तवर्रुक'सारख्या व्यवहारांत. बँक धातू विकत घेते, ग्राहकाला तो चढ्या दराने उधारीवर विकते आणि ग्राहकाच्या वतीने लगेच तिसऱ्याला रोखीने विकून टाकते. धातू कोणी पाहतही नाही. ग्राहकाच्या हाती रोकड व डोक्यावर कर्ज उरते. सुटा सुटा पाहिला तर प्रत्येक कागद निर्दोष, एकत्र पाहिले तर व्याजच! इस्लामी राष्ट्रांच्या फिकह अकादमीने २००९ मध्ये शारजा येथे असा संघटित तवर्रुक अग्राह्य ठरवला. मलेशियात मात्र तो सर्रास चालतो. जुन्या फतव्यांवर पोसलेले यंत्र यापैकी कोणाची री ओढणार? सोयीचा फतवा देणारा विद्वान शोधण्याचा आरोप बँकांवर पूर्वीपासून होतो. यंत्राला तर मनाजोगते उत्तर मिळेपर्यंत प्रश्न फिरवून विचारता येतो.

निर्वाळा डळमळला की काय होते, हे गुंतवणूकदारांनी २०१७ मध्ये अनुभवले. शारजाच्या 'दाना गॅस' कंपनीने आपलेच ७० कोटी डॉलरचे सुकूक आता शरीअतसंमत राहिले नसल्याचे सांगून पैसे देण्यास नकार दिला. वाद लंडनच्या न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ मध्ये तडजोडीने मिटला.

मोजकेच नामवंत विद्वान अनेक मंडळांवर बसतात. कामाच्या रेट्यात यंत्राने लिहिलेल्या टिपणावर डोळे झाकून सही होण्याचा धोका त्यामुळेच अधिक. मलेशियात मध्यवर्ती बँकेच्या शरीअत सल्लागार परिषदेचा निर्णय न्यायालयांवरही बंधनकारक आहे. २०१९ मध्ये तेथील फेडरल न्यायालयाने ही तरतूद ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवली. तेथील २०१३ च्या कायद्यानुसार शरीअतभंगास आठ वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच कोटी रिंगिटपर्यंत दंड होऊ शकतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची वेळ आली, तर ती माणसांवरच येणार आहे.