नाव बाईनं दिलं, मैदान कुणाचं?

‘स्कीट’ म्हणजे हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या बंदुकीनं फोडण्याचा खेळ. १९२०च्या सुमारास अमेरिकेतल्या अँडोव्हर गावी काही शिकारी मित्रांनी तो सुरू केला. गोल रिंगणात फिरत नेम धरायचे. शेजाऱ्यानं कोंबड्या पाळल्या, तेव्हा रिंगण अर्ध्यावर आलं! खेळाला नाव हवं म्हणून स्पर्धा झाली. १९२६मध्ये बक्षीस मिळालं मोंटानाच्या गर्ट्रूड हर्लबट या बाईला.

१९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष एकत्र खेळले. चीनच्या झांग शाननं २२५पैकी २२३ तबकड्या फोडून सुवर्णपदक घेतलं. १९९६मध्ये मात्र स्कीट फक्त पुरुषांची! स्त्रियांची वेगळी स्कीट आली ती २०००मध्ये.

वेगळ्या गटाला माझा विरोध नाही. गावात काम करताना बुजऱ्या मुलींना त्याचा आधार होताना मी पाहते. पण वेगळं दार उघडायच्या आधीच सामाईक दार लावलं, तर त्याला सोय कसं म्हणायचं? २०२४मध्ये पॅरिसला मिश्र जोडीची स्कीट आली. आपली महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका तीत चौथे आले, आनंदच आहे. पण जोडीत एक बाई, एक पुरुष हे ठरलेलं. झांग शानसारखं एकटीनं सगळ्यांसमोर उतरणं ऑलिंपिकमध्ये अजून परत आलेलं नाही.