बुलढाण्याला सोने नको, मातीचा नकाशा द्या




चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सोन्याचे साठे असल्याचे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी २०२२ च्या अखेरीस सांगितले. तेव्हापासून विदर्भात जमिनीखालच्या धनाची चर्चा अधूनमधून उसळी घेते. ‘मग आमच्या बुलढाण्यातही शोधा की,’ हा त्या चर्चेचा ठरलेला शेवट. मागणी करायला हरकत नाही, पण काय शोधायचे आणि कशासाठी, हे आधी ठरलेले बरे.

जस्त, शिसे, सोने हवे असेल तर पूर्व विदर्भाकडे पाहावे लागते. तिथे जुने खडक उघड्यावर आहेत. नागपूर जिल्ह्यात कोलारी-भावरी परिसरात जस्ताचे धातुक सापडले, परसोरी-किटारीकडे सोन्याच्या खुणा मिळाल्या. या शोधांनाही बराच काळ लोटला, तरी देशात निघणाऱ्या जस्ताच्या धातुकात महाराष्ट्राचा वाटा शून्यच आहे. सगळे राजस्थानातून येते. खुणा मिळणे आणि खाण चालू होणे यांत किती अंतर असते, ते यावरून कळावे. खामगावच्या सराफांना हे राजस्थान वेगळ्या वाटेने ओळखीचे असेल, कारण भारतातल्या खाणींतून मिळणारी जवळजवळ सगळी चांदी तिथल्या जस्त-शिशाच्या धातुकासोबतच बाहेर पडते.

बुलढाण्याचे म्हणाल, तर उत्तरेकडचा पूर्णेचा गाळ सोडला की बहुतेक जिल्हा काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर, बसलेला आहे. त्याखाली जुने खडक असणारच, पण तिथवर पोचणे सोपे नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे विंधन छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट भेदल्यावर कुठे त्याचा तळ लागला. तेवढ्या खोलीवर, कोणतीही खूण हाती नसताना, सोने शोधायला कोण पैसा घालील?

या बेसाल्टमध्ये जस्त असते, आणि ही गोष्ट शेतकऱ्याच्या कामाची आहे. प्रमाण साधारण टनामागे १०० ग्रॅम. राजस्थानातल्या रामपुरा आगुचा खाणीच्या धातुकात ते दीर्घकाळ टनामागे १०० किलोहून अधिक राहिले. खाणवाल्याच्या हिशेबाने आपला खडक कुचकामी. पण याच खडकाची झीज होऊन काळी माती तयार झाली, तेव्हा तीत जस्त भरपूर असायला हवे. तरीही सोयाबीन-कपाशीचा शेतकरी दरवर्षी कृषी सेवा केंद्रातून झिंक सल्फेटच्या पिशव्या आणतो. कारण चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत जस्त जखडून बसते आणि मुळांना मिळत नाही. पिकाला उपलब्ध असलेले जस्त किलोभर मातीत ०.६ मिलिग्रॅमच्या खाली गेले, की प्रयोगशाळा कमतरता नोंदवते.

म्हणून प्रस्तुत पत्रलेखकाची मागणी अशी: धातू शोधण्याच्या निमित्ताने जी माहिती गोळा होते, ती शेती आणि आरोग्य विभागांच्या टेबलावर आली पाहिजे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था २००१ पासून देशाचे भू-रासायनिक मानचित्रण करते आहे. पद्धत साधी आहे. ओढ्या-नाल्यांच्या तळाचा बारीक गाळ चौरस किलोमीटरला एक या हिशेबाने उचलायचा, चार-चार नमुने एकत्र करायचे आणि साठाहून अधिक मूलद्रव्ये तपासायची. सोने, जस्त, शिसे तर त्यांत आहेतच. आर्सेनिक, फ्लोरिन, सेलेनियमही आहेत. हे आकडे सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारात पाहता येतात. पण ती भाषा खाणपट्टे लिलावात घेणाऱ्यांची. कृषी सहायकाने ते वाचावे, अशी कुणाची अपेक्षाच दिसत नाही.

सेलेनियमचे नाव शेगाव तालुक्यातल्या लोकांना नवे नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, काहींना काही दिवसांतच टक्कल पडले. आधी संशय पाण्यावर गेला, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. वैद्यकीय संशोधक डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः तपासणी करून बोट ठेवले ते रेशनच्या गव्हावर: सेलेनियम बेसुमार आणि जस्त कमी. गहू पंजाब-हरियाणाकडचा असल्याचे त्यांचे म्हणणे होते. या निष्कर्षावर वाद होऊ शकतो, तो तज्ज्ञांनी घालावा. पण पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात सेलेनियमयुक्त जमिनी आहेत, हे तिथल्या कृषी शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. ती माहिती शेगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचण्याची वाटच नव्हती.

२०१५ मध्ये आलेली मृदा आरोग्य पत्रिका बारा गोष्टी सांगते. त्यांत जस्त आहे. सेलेनियम, शिसे, आर्सेनिक नाही. खाऱ्या पाण्याच्या खारपाण पट्ट्यात, जिथे जळगाव जामोद आणि संग्रामपूरचे लोक मूत्रपिंडाच्या विकारांनी हैराण आहेत, तिथे हे तिन्ही तपासायला नकोत का?

यावर एक आक्षेप रास्त आहे. सर्वेक्षण गाळातले एकूण जस्त मोजते, पिकाला लागते ते उपलब्ध जस्त. दोन्ही आकडे एक नव्हेत. खरे आहे, आणि म्हणूनच दोन्ही शेजारी ठेवून पाहायला हवेत. एकूण भरपूर आणि उपलब्ध कमी असेल, तर दोष जस्त जखडणाऱ्या चुनखडीचा. तिथे नुसत्या पिशव्या ओतत राहण्यापेक्षा सेंद्रिय खताचा किंवा फवारणीचा विचार व्हावा. दोन्ही कमी असतील तर उपाय वेगळा. दुसरा आक्षेप असा, की असे आकडे जाहीर झाले की लोक घाबरतील आणि मालाचा भाव पडेल. शेगावात लोक घाबरले ते आकडे नव्हते म्हणून.

जमिनीतून धनाऐवजी माहिती काढण्याचेही मोल असते; आपल्या जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराचेच बघा. अमेरिकेत ॲरिझोनाच्या विवराखाली उल्केचे लोखंड मिळेल म्हणून डॅनियल बॅरिंजर यांनी १९०३ पासून १९२९ पर्यंत पैसा ओतला. लोखंडाचा साठा काही हाती लागला नाही. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सत्तरीत भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लोणारला छिद्रे घेतली ती खाणीसाठी नव्हेत. त्यांतून आघाताने काच झालेले खनिज मिळाले आणि हे विवर उल्कापातानेच झाल्याचे सिद्ध झाले. आज लोणार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय नागपुरात, राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थाही नागपुरात, कृषी विद्यापीठ शेजारी अकोल्यात. बुलढाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी या तिघांना एकदा एकत्र बसवावे, जिल्ह्याच्या ज्या भागाचे भू-रासायनिक काम झाले आहे त्याचे मराठीतले तालुकावार तक्ते काढून घ्यावेत आणि खरिपाच्या आत ते ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावेत. सुरुवात शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तीन तालुक्यांपासून करता येईल.

– एक वाचक, खामगाव (जि. बुलढाणा)