गाठ चाळवते, म्हणे!

सातारा-सांगलीकडे स्तनातल्या गाठीवर एक सल्ला हमखास मिळतो: 'सुई लावू नका, गाठ चाळवते.' जत-आटपाडीहून मिरजेला किंवा माण-खटावातून कराडला तपासणीसाठी निघालेली बाई एवढ्यावर घरी थांबते. 1894 पासून वानलेस रुग्णालय असलेल्या मिरजेच्या पंचक्रोशीत हा समज टिकून आहे, तो लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे. तो डोळ्यांदेखत खरा ठरताना दिसतो म्हणून. गाठ दुखत नाही, म्हणून महिनोन् महिने अंगावर काढली जाते. मग सुई लागते, रिपोर्टात कॅन्सर निघतो आणि आजार बळावतो. सुई सगळ्यांना दिसते. तिच्या कितीतरी आधी आजार काखेत उतरला होता, ते कुणाला दिसत नाही.

तरी या समजाची भक्कम बाजू टाळता कामा नये. सुईने पेशी जागच्या हलतात का? हलतात. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सुईने तपासलेल्या 352 स्तनकर्करोगांपैकी 114 मध्ये गाठीबाहेर सरकलेल्या पेशी सापडल्या. इथेच थांबले तर सल्ला देणारी शेजारीण जिंकली. पण बायोप्सीनंतर, म्हणजे सुईने तुकडा काढल्यानंतर, 15 दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण 42 टक्के होते आणि 28 दिवस उलटून गेलेल्यांत 15 टक्के. पेशी रुजत असत्या तर आकडा दिवसागणिक चढायला हवा होता, तो उतरला. म्हणजे सरकलेल्या बहुतेक पेशी तिथेच मरतात. अंडकोषाच्या गाठीला डॉक्टर स्वतःच सुई लावत नाहीत, हा दाखला कुणी देईल. तो खरा आहे, पण तो नियम स्तनाला लागू नाही.

'सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली, आता आणखी सुई कशाला?' हा प्रश्न रास्त आहे, कारण प्रत्येक तपासणीला पैसे पडतात आणि रोजगार बुडतो. पण या तपासण्यांतली चित्रे संशय सांगतात, निदान नाही. जाड सुईने तुकडे काढण्याच्या कोअर बायोप्सीत जागा बधिर करतात, त्वचेला दोन-तीन मिलिमीटरची चीर देतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई गाठीत नेतात. खटकन आवाज होतो. दचकायला होते, म्हणून तो आधी ऐकवलेला बरा. शेवयांच्या तुकड्यांसारखे चार-सहा तुकडे फॉर्मलिनच्या बाटलीत जातात, जागा दाबून धरतात आणि बहुधा टाका न घालताच बाई त्याच दिवशी घरी जाते. थोडे दुखते, काळेनिळे पडते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगायची, स्वतःहून बंद करायची नाही. या तुकड्यांवरून गाठ साधी की कर्करोगाची हे कळतेच. कर्करोग असला तर तो हार्मोनच्या गोळ्यांना दाद देईल का, हेही कळते. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढल्या तर इतके भरवशाने सांगता येत नाही.

मला सगळ्यात घातक वाटते ते 'त्यापेक्षा गाठच काढून टाका' हे म्हणणे. त्यामागे 'बायोप्सी म्हणजे स्तन गेला' ही जुनी भीतीही असते, आणि ती अगदीच निराधार नव्हती. 1970 च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतही बाईला भूल देत, गाठीचा तुकडा तिथल्या तिथे तपासत आणि कर्करोग निघाला तर त्याच टेबलावर स्तन काढत. शुद्धीवर येईपर्यंत तिला पत्ता नसे. आधी निदान, मग तिच्याशी बोलून उपचार, हे दोन टप्पे सुईमुळेच सोपे झाले. ती टाळून छोट्या दवाखान्यात गाठ काढली आणि ती कर्करोगाची निघाली, तर कडेला आजार राहून जाऊ शकतो, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, आधी केमो देऊन गाठ लहान करण्याची संधीही हुकते. 'सुईने चाळवली' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या काही कहाण्या अशा अर्धवट काढलेल्या गाठींच्याही असतील. गाठ आधीच काढून झाली असेल, तर ती पॅथॉलॉजीला पाठवली का, हे त्याच दिवशी विचारावे. आणि मिरजेहून मुंबईला टाटा रुग्णालयात जायची वेळ आली, तर रिपोर्टाच्या कागदाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही मागून न्यावा. तिथले पॅथॉलॉजिस्ट त्या पुन्हा स्वतः तपासतात.