योगशिक्षकाचे प्रमाणपत्र आणि विनयाची कसोटी

२१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन जवळ आला की ‘दोनशे तासांत योगशिक्षक व्हा’ अशा जाहिराती मोबाइलवर येऊ लागतात. आपल्या वस्त्यांतील अनेक मुले-मुली याकडे रोजगार म्हणून पाहतात. त्यात गैर काहीच नाही. योग ही कोणाची मक्तेदारी नाही. पण फी भरण्याआधी हा शिक्षक कोणाला उत्तरदायी आहे, हे विचारले पाहिजे. ‘अष्टांग योग’ या लोकप्रिय पद्धतीचा इतिहास त्यासाठी डोळे उघडणारा आहे.

आधी नावाचा घोळ दूर करू. बुद्धांचा आर्य अष्टांगिक मार्ग वेगळा आणि पतंजलीच्या योगसूत्रातील आठ अंगे वेगळी. आज जगभर या नावाने शिकवला जातो तो प्रकार तिसराच. त्यात श्वासाच्या लयीवर, ठरलेल्या क्रमाने आसने केली जातात. टी. कृष्णम्माचार्य यांचे शिष्य के. पट्टाभी जोइस (१९१५–२००९) यांनी म्हैसूरमधून तो जगभर पोहोचवला. १९४८ मध्ये त्यांनी तिथे संस्था सुरू केली.

या ‘म्हैसूर पद्धती’त एकाच खोलीत प्रत्येक जण आपापल्या गतीने सराव करतो. एक आसन जमले की शिक्षक पुढचे देतो. शिकवण्याची ही रीत चांगली आहे. मात्र शिकवण्याची अधिकृत परवानगी कोणाला द्यायची, हे एकाच घराण्याच्या हातात राहिले. पट्टाभींनंतर सूत्रे नातू शरथ जोइस यांच्याकडे गेली. २०२४ मध्ये शरथ यांचेही निधन झाले.

या एकहाती सत्तेची किंमत शिष्यांनी मोजली. आसन दुरुस्त करण्याच्या नावाखाली पट्टाभी जोइस यांनी लैंगिक अत्याचार केला, असे माजी शिष्या कॅरेन रेन यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले. आणखी अनेक स्त्रिया पुढे आल्या. २०१९ मध्ये शरथ यांनी आजोबांचे अयोग्य स्पर्श पाहिल्याचे मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. तोवर पट्टाभींना जाऊन दहा वर्षे झाली होती.

मग प्रमाणपत्राने हा प्रश्न सुटतो का? दोनशे तासांचा मापदंड रूढ केला तो ‘योगा अलायन्स’ या अमेरिकी खासगी संस्थेने. आपल्याकडे आयुष मंत्रालयाचे योग सर्टिफिकेशन बोर्ड लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेते. परीक्षा हवीच. पुरोहितपण वंशपरंपरेने न मिळता सरकारी परीक्षा आणि सनद यांवर मिळावे, ही सूचना बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’मध्ये केली होती. पण त्याच सूचनेत पुरोहिताच्या नीतीवर आणि वर्तनावर राज्याची शिस्त असावी, असाही मुद्दा होता. आज नेमका तोच भाग गळतो. तास मोजले जातात, वर्तन नाही.

आपल्या परंपरेत याचे जुने उत्तर आहे. विनयानुसार उपाध्याय होण्यासाठी भिक्खूला उपसंपदेनंतर किमान दहा वर्षे व्हावी लागतात आणि तो सक्षमही असावा लागतो. शिष्याने गुरूची सेवा करावी, तशीच गुरूने आजारी शिष्याची शुश्रूषा करावी. गुरूकडून गंभीर दोष घडला तर संघाने त्यावर योग्य कारवाई करावी, यासाठी शिष्याने प्रयत्न करायचा असतो. म्हणजे गुरू संघापेक्षा मोठा नाही. ‘गुरूला प्रश्न विचारू नये’ ही शिकवण धम्माची नव्हे.

म्हणून प्रवेश घेताना चार प्रश्न विचारा. हे प्रमाणपत्र कोण देते आणि ते कुठे चालते? शिक्षकाने स्वतः किती वर्षे सराव केला, किती वर्षे शिकवले? अंगाला हात लावण्याआधी संमती विचारली जाते का, आणि नकार दिला तर तो पाळला जातो का? तक्रार कोणाकडे करायची?

शेवटच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान क्लासविरुद्ध जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते. ही माहिती आपल्या विहारांतील महिला मंडळांनी आणि युवक मंडळांनी मुलींपर्यंत पोहोचवावी. आपली मुले-मुली योगशिक्षक जरूर होवोत, पण प्रश्नांना उत्तर देणारे शिक्षक होवोत.